आईची काठवट काचेत

दुबईत सोन्याच्या खाणींचं म्युझियम निघालंय हे ऐकून मी आधी हसलेच होते. इथे खाण कुठली? इथे सोनं विमानातून येतं, विमानातूनच जातं, मधल्या वेळात बायकांच्या गळ्यात जरा विसावतं, इतकंच. पण निघालं खरं. एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. आत प्लास्टरचा डोंगर आहे, डोंगरात बोगदा, बोगद्यात पिवळे दिवे. मधूनच सुरुंग उडाल्याचा आवाज होतो, मग पोरं किंचाळतात आणि आईबाप फोटो काढतात. तिकीट साठ दिरहॅम, म्हणजे आपले चौदाशेच्या वर. मला ते लागलं नाही, कारण ज्या कंपनीनं ते सजवलं तिथे माझा मुलगा नोकरीला आहे. जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्याचं ऑफिस आहे, चोविसाव्या का पंचविसाव्या मजल्यावर. खिडकीतून खाली बघितलं की मला गरगरतं.

तर मला त्या म्युझियमबद्दल सांगायचंय. सांगायचंय म्हणजे काय, भांडायचंय. घरात भांडून झालं, तिथे जाऊन भांडून झालं, तरी राग काही उतरत नाही. आता कागदावर भांडते.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. आम्ही झारेकरी. हा शब्द आताच्या लोकांना कळत नाही. सोनाराच्या दुकानात कानस चालते, कापाकापी होते, तेव्हा सोन्याचे बारीक कण उडतात. जमिनीवर पडतात, केरात जातात, कारागिरानं हात धुतले की त्या पाण्याबरोबर मोरीतून गटारात जातात. दुकानातला केर, शेगडीतली राख आणि सराफकट्ट्यामागच्या गटारातला गाळ, हे सगळं गोळा करायचं, धुवायचं, आणि त्यातून सोनं काढायचं. हे आमचं काम. शोधायला डोंगर नको, नदी नको. गटार पुरे.

माझी आई पहाटे निघायची. दुकानं उघडायच्या आत गटारातला गाळ काढून व्हायला लागायचा, नाहीतर सराफ ओरडायचे, गिऱ्हाइकांना वास येतो म्हणून. सोनं त्यांचंच, घाणही त्यांचीच, आणि वास मात्र आमचा. आई कासोटा मारून गुडघ्यापर्यंत आत उतरायची. पाटीनं गाळ वर काढायची. मग ओढ्यावर नेऊन काठवटीत घालून धुवायची. काठवट म्हणजे लाकडाची मोठी उथळ परात, कोकणात-देशावर भाकरीचं पीठ मळतात तशी, पण आमची जरा जास्त पसरट. ती पाण्यात धरून गोल गोल हलवायची. हलकी माती काठावरून निघून जाते, जड ते तळाला बसतं. शेवटी तळाच्या काळ्या वाळूत पारा घालून हातानं मळायचं. पारा सोनं धरतो. मग तो फडक्यातून पिळायचा, उरलेलं चुलीवर तापवायचं, पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं.

पारा उडून जातो म्हणजे कुठे जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आईचे हात पुढे इतके कापायला लागले की बशीतला चहा तोंडापर्यंत पोचायचा नाही. ओठाला बशी लागली की दातांवर टकटक वाजायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. चाळिशीच्या थोडं पुढे होती हो ती.

आता काठवटीची गोष्ट. वर्षानुवर्षं तोच गाळ, तेच घासणं. लाकूड झिजतं, त्याच्या रेषा उघडतात आणि त्या रेषांमध्ये सोनं जाऊन बसतं. काठवट सोनं पिते, असं आमच्यात म्हणतात. म्हणून झारेकरणीची काठवट कुणी विकत नाही, फेकत नाही, दुसऱ्याला वापरायला देत नाही. ती बाई गेली की काठवट तिच्या मुलीकडे जाते. आणि त्या घरातली नात बारा-तेरा वर्षांची झाली की मुलीनं स्वतःच्या हातानं काठवट जाळायची, राख धुवायची आणि जे निघेल त्याचा मणी करून नातीच्या गळ्यात घालायचा. त्यात बाहेरचं सोनं मिसळायचं नाही. मोहरीएवढा झाला तर मोहरीएवढा. माझ्या आजीची काठवट माझ्या आईनं जाळली तेव्हा मी शेजारी बसले होते. राख पाण्यात हलवली आणि काळ्या पाण्याखाली पिवळी रेघ दिसली, केसासारखी. तो मणी माझ्या गळ्यात आहे. आजीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोन्याची घाण उपसली, त्यातलं तिचं स्वतःचं म्हणून राहिलं ते एवढंच.

आईची काठवट माझ्याकडे आली. मला मुलगी नाही, एकच मुलगा. पण मुलाची मुलगी आहे, आणि नात ती नात. हे गेले आणि मुलगा मला इथे दुबईत, करामाला घेऊन आला, तेव्हा मी एका बॅगेत चार साड्या भरल्या आणि दुसरीत फक्त काठवट, चादरीत गुंडाळून. एअरपोर्टवर त्या पोलिसानं विचारलं, व्हॉट इज धिस? मुलगा म्हणाला, किचन आयटम, हबीबी. पोलीस हसला आणि जाऊ दिलं. मलाही तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्याची तेव्हापासूनच ती सवय. जे आहे ते सांगायचंच नाही.

नात यंदा तेरा वर्षं पूर्ण करणार. मी ठरवलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊ, ओढ्यावर काठवट जाळू. सुनेला सांगून ठेवलं होतं, नातीलाही. नात म्हणाली, "ओके आजी, कूल." तिचं सगळंच कूल असतं.

त्याच्या आधी एके दिवशी मुलगा ऑफिसातून आला आणि म्हणाला, "आई, तुझी ती लाकडाची परात दोन दिवस देशील? फोटो काढायचाय. आमच्या प्रोजेक्टला टेक्स्चर हवंय."

"परात नाही, काठवट. आजीची आहे तुझ्या."

"हो गं, काठवट. जपून आणतो."

मी दिली. आपल्या पोटच्या पोराला कोण नाही म्हणेल? दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा महिना. विचारलं की म्हणायचा, "येईल गं, इन्शाल्ला." इथे इन्शाल्ला म्हटलं की पुढे विचारायची सोय राहत नाही.

मग उद्घाटन झालं, आणि पुढच्या शनिवारी तो आम्हाला सगळ्यांना घेऊन गेला. मोठ्या हौसेनं. मी ठेवणीतली नारायणपेठ नेसले.

आत शिरल्या शिरल्या दाढीवाले गोरे पुरुष. पुतळे हो. कुणाच्या हातात कुदळ, कुणाच्या पाठीवर पोतं, एकाशेजारी गाढव. गाढव मात्र छान केलं होतं, डोळे अगदी खरे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत धाडस, स्वप्न, चिकाटी असं काहीबाही. नात वाचून दाखवत होती. पुढे एक पाण्याचा लांब हौद, त्यात वाळू, वाळूत पितळेचे चकचकीत कण. पोरं प्लास्टिकच्या ताटल्या घेऊन सोनं शोधत होती. सापडलं की एक मुलगी घंटा वाजवायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मला हसू येत होतं. आईनं रोज घंटा वाजवली असती तर सराफकट्टा बहिरा झाला असता, असं काहीतरी मी सुनेला म्हटलंही.

मग वळण घेतलं आणि समोर काचेत माझ्या आईची काठवट.

ओळखायला मला क्षणभर वेळ लागला, कारण ती चमकत होती. वरून दिव्याचा झोत. आतून बाहेरून गुळगुळीत, मधासारखी पिवळी, वर वार्निश. कडेला आईच्या अंगठ्यानं पडलेली खोलगट जागा होती, तीसुद्धा भरून काढली होती. खाली माहितीची पाटी. नात वाकून वाचायला लागली. वाचून माझ्याकडे वळली, डोळे मोठे करून.

"आजी! वी आर गोल्ड ट्रेडर्स? लाइक, फॉर जनरेशन्स?"

"काय लिहिलंय? मराठीत सांग."

तिनं तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं. नदीच्या वाळूत सोनं शोधणाऱ्या धाडसी पुरुषांची ही परात. भारतातल्या एका पिढीजात सुवर्णव्यापारी कुटुंबाकडून प्रेमाची भेट.

मी मुलाकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता.

"पुरुषांची?" मी विचारलं.

"आई, नंतर बोलू."

"व्यापारी कोण रे? तू? का मी?"

"आई, प्लीज. क्लायंट आहे इथे. सीन नको."

"सीन तूच केलायस, काचेत घालून, वर दिवा लावून! कुणी घासली ही?"

"रिस्टोअर केली. चांगल्या माणसाकडून. किती डाग होते, वास येत होता, आई. नुसती तशी ठेवता आली नसती."

"कशानं घासली?"

"म्हणजे? मशीननं. सँडपेपर. काय झालं?"

"आणि भुसा?"

त्याला कळलंच नाही. खरंच कळलं नाही, तोंडावरून दिसत होतं. लहानपणी त्यानं हे सगळं ऐकलं होतं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलं होतं. त्यानं शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजर बाईंना इंग्रजीत विचारलं. दिल्लीकडच्या बाई, गोड बोलणाऱ्या, ओढणी एका खांद्यावर. त्या हसून म्हणाल्या, "डस्ट? वो तो व्हॅक्यूम कर लिया, आंटी. एकदम क्लीन."

सोन्याचं म्युझियम बघा! प्लास्टरच्या डोंगरावर पितळ विखरून पोरांना शोधायला लावतात आणि खरं सोनं व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीत. आई, तुझं आयुष्य मॉलच्या मागच्या दारातून गेलं.

मी तिथे काय बोलले ते सगळं लिहीत नाही, सून म्हणते नको. एवढंच सांगते की गाढवाजवळ उभं राहून फोटो काढणारे लोक फोटो काढायचे थांबले. सुनेनं मला हाताला धरून बाहेर आणलं. गाडीत नातीनं एकदा विचारलं, "सो वी आर नॉट रिच?" आणि तिच्या आईनं तिला गप्प केलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आई, गटार त्या स्टोरीत बसत नाही. लोक तिथे लक्झरी फील करायला येतात. सोनं म्हटलं की ड्रीम हवं. तू म्हणतेस ते खरं आहे, पण ते डिप्रेसिंग आहे."

"आणि व्यापारी? तेही स्टोरीत बसवायला?"

तो हळूच म्हणाला, "ऑफिसात सगळ्यांना मी पहिल्यापासून तेच सांगितलंय. सोन्याचा फॅमिली बिझनेस होता म्हणून. शाळेत मला काय म्हणायचे तुला माहीत नाही. गटारवाल्या. डबा खायला शेजारी कुणी बसायचं नाही."

"मलाही म्हणायचे. मी दगड मारायचे. तू काय केलंस? माझ्या आईलाच काढून टाकलंस?"

"मी काढलं नाही. काचेत ठेवलं, आई. अख्खी दुबई बघायला येतेय."

"कुणाला बघायला येतेय? दाढीवाल्याला!"

तो उठून गेला. त्याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही. डबा एकट्यानं खाणं सोपं नसतं, ते मी खाल्लंय. पण म्हणून आईची आई विकायची? विकली असती तरी एक वेळ समजलं असतं. फुकट दिली, वर खोटी चिठ्ठी लावून.

मला एकच हवं होतं. काठवट परत घरी. जेवढं सोनं लाकडात उरलंय तेवढं उरलंय, ते मी माझ्या हातानं जाळून काढणार आणि नातीला देणार. माझं वय बघा. मी गेले की ती जाळणारं कुणी नाही, आणि मग ती कायमची तिथेच राहील, दाढीवाल्यांची होऊन.

मुलगा म्हणाला, आता ती त्यांची आहे, डोनेशन झालं. मी म्हटलं, मी कधी दिली? तो म्हणाला, मी दिली. मी म्हटलं, तुझी होती का?

शेवटी मी स्वतः गेले. मेट्रोनं. कार्ड सुनेनं भरून दिलं होतं आणि कुठे उतरायचं ते नातीनं समजावलं होतं, दोघींनी मुलाला सांगितलं नाही. दारात तिकीट मागितलं तर मी म्हटलं, मेरी माँ अंदर है. त्या पोरानं पटकन जाऊ दिलं, त्याला वाटलं कुणी म्हातारी हरवलीय.

काचेसमोर एक बाक आहे. त्यावर बसले. कुणी आलं आणि पाटी वाचायला लागलं की मी सांगायची, ये मेरी माँ का है. ये नदी का नहीं, गटर का है. अच्छा, गटर? हां, गटर. सुनार के पीछे का. मेरी माँ अंदर उतरती थी. लोक आधी बिचकायचे, मग थांबायचे. एक पाकिस्तानी कुटुंब होतं, त्यांचा म्हातारा माझ्याशेजारी बसलाच, म्हणाला, हमारे यहाँ भी थे ये लोग, निआरिये कहते थे. त्यानं आपल्या नातवंडांना उर्दूत सगळं सांगितलं, माझ्याहून चांगलं सांगितलं. एका मल्याळी बाईनं विचारलं, हात को कुछ नहीं होता था? तिला मी पाऱ्याचं सांगितलं. ती नर्स होती. तिनं नुसता माझा हात धरला आणि म्हणाली, यू शुड टेल देम टु राइट दिस. मी म्हटलं, बेटी, लिहिणारा माझ्याच घरात आहे, तोच तर लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेले. मॅनेजर बाई चहा घेऊन आल्या. "आंटी, आप हमारी गेस्ट हैं, पर विझिटर्स का मूड खराब होता है." मी म्हटलं, मूड खराब व्हायलाच हवा, मी त्यासाठीच येते. त्या म्हणाल्या, "आप क्या चाहती हैं?" मी म्हटलं, दोन गोष्टींपैकी एक. पाटीवर खरं लिहा, मग ठेवा. नाहीतर माझी वस्तू मला द्या. त्या म्हणाल्या, इन्शाल्ला, मॅनेजमेंट से बात करती हूँ. मी म्हटलं, बाई, इन्शाल्ला मला घरी पुष्कळ मिळतं.

संध्याकाळी मुलाला त्यांचा फोन आला. काय बोलले माहीत नाही. तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता, आणि हातात बबल रॅपमध्ये गुंडाळलेली काठवट. टेबलावर ठेवली, म्हणाला, "घे. खलास. झालं समाधान?"

"पाटी?"

"पाटी आहे तशीच आहे. तिथे दुसरी परात ठेवली. ऑनलाइन मागवली, राजस्थानी. कुणाला कळणार आहे?"

म्हणजे त्यांना माझ्या आईची काठवट लागतच नव्हती. कुठलंही गोल लाकूड चाललं असतं! हे ऐकून मला जे झालं ते पहिल्या दिवशीपेक्षा वाईट होतं.

दिवाळीपर्यंत थांबायचा माझा धीर संपला होता. काय सांगावं, पुन्हा कुठल्या स्टोरीत जाऊन बसायची. पण करामाच्या फ्लॅटमध्ये जाळणार कुठे? अगरबत्ती जरा जास्त झाली तरी तो छताला लावलेला भोंगा ओरडतो. माझी एक मैत्रीण आहे शारजात, रोल्लाला, रत्नागिरीकडची, तिच्या मुलांचा माशांचा धंदा आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "अगो, त्यात काय! बार्बेक्यूच्या बागेत जाऊया. आमची पोरं दर जुम्म्याला कोंबड्या जाळतात, तू लाकूड जाळ."

तर आम्ही बागेत गेलो. मुलगा गाडी चालवायला आला, कारण सुनेनं त्याला सांगितलं होतं की तू आला नाहीस तर मी चालवीन, आणि ती हायवेवर चालवते तेव्हा तोच जास्त घाबरतो. उन्हं उतरायला लागली होती. सगळीकडे धूर, कबाब, क्रिकेट, मैत्रिणीच्या मुलांचा गलका. शेगडीत काठवट मावेना. फोडायला हवी होती. मुलगा हातोडी घेऊन उभा राहिला आणि त्याचा हात उठेना.

"काय रे," मैत्रीण म्हणाली, "घासायला हात चालला, फोडायला नाय चालत?"

त्यानं फोडली. वार्निशचा भपकारा असा उठला की शेजारच्या चटईवरचे लोक आपल्या कोंबड्या उचलून पलीकडे गेले. निळी ज्वाळा. माझी आई घाणीत उभी राहायची, पण असा वास तिच्या जवळपासही कधी नव्हता. मी शेवटपर्यंत तिथेच उभी राहिले. राख निवल्यावर स्टीलच्या डब्यात भरली.

घरी येऊन बाथरूममध्ये बसले. मोठी स्टीलची परात, बादली, नळ. नात दारात बसली गुडघ्यांना मिठी मारून. मुलगा तिच्या मागे उभा. राख पाण्यात घातली आणि हलवायला लागले. हात विसरत नाहीत, बाकी सगळं विसरलं तरी. हलकं ते काठावरून गेलं. काळं पाणी गेलं, करडं पाणी गेलं. तळाला चमचाभर राहिलं. नात वाकली. मी परात तिरपी केली, उजेडात धरली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा तिरपी केली.

काही नव्हतं. काळी वाळू, कोळशाचा चुरा. पिवळी रेघ नाही, ठिपका नाही. खोल कुठे असेलही एखादा कण, पाऱ्यानं तो ओढून घेता येतो. पण पारा मी माझ्या नातीच्या घरात आणणार नव्हते. त्या पाऱ्यानं एकीचे हात खाल्लेत, तेवढं पुरे.

"इज इट देअर?" नातीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"नथिंग?"

"तुझ्या पणजीनं ठेवलं होतं तुझ्यासाठी. आता नाही."

मुलगा मागून म्हणाला, "आई, मी एक ग्रॅम आणतो. उद्याच. त्यात मिसळून मणी करूया. कुणाला..."

तो थांबला. बहुतेक पुढचे शब्द त्यालाच ऐकू आले. कुणाला कळणार आहे, हेच म्हणणार होता.

मी परात खाली ठेवली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच. मी म्हटलं, "मणी नको. तिला मणी मिळाला नाही. का मिळाला नाही ते तू तिला सांग. आत्ता. इथे. आपली पणजी कोण होती हे ती उद्या शाळेत सांगेल, तर तुझ्या तोंडून ऐकून सांगू दे."

"आई, उद्या बोलूया, ती दमलीय."

"मी दमले नाही," नात म्हणाली. मराठीत. बरं बोलते हवं तेव्हा.

तो तिथेच, बाथरूमच्या दारात, ऑफिसची पँट घालून खाली बसला. मग इंग्रजीत सुरू केलं, "युअर ग्रेट-ग्रँडमदर वॉज इन द गोल्ड..."

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यानं दुसऱ्यांदा सुरू केलं. "शी यूज्ड टु क्लीन... शी वॉश्ड द डस्ट फ्रॉम..."

"कुठली डस्ट? नीट सांग. आणि मराठीत सांग, मला समजायला हवं."

"गटारातली," तो म्हणाला. "माझी आजी गटारातला गाळ काढायची. सोनारांच्या गल्लीमागे. त्यात सोनं असायचं."

"विथ हर हँड्स?" नातीनं विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? तू बघितलंयस. सुट्टीत तिच्यामागे पाटी घेऊन जायचास."

"हातांनी," तो म्हणाला. "थंडीतसुद्धा. मी पाटी धरायचो. मला किळस यायची, म्हणून मी नाक दाबून उभा राहायचो, आणि ती हसायची."

"अँड दॅट्स हर बाऊल? द वन यू गेव्ह अवे?"

"हो."

"व्हाय?"

तो उठला नाही. हळूहळू, अडखळत, निम्मं मराठी निम्मं इंग्रजी असं करत, शाळेतल्या डब्यापासून सांगायला लागला. नात मधेमधे विचारत होती, तो उत्तर देत होता. कुठे खोटं बोलायला लागला, कुठे गटाराची नदी करायला लागला, तर लगेच पकडायला मी तिथेच बसून राहिले, ओल्या फरशीवर, परातीशेजारी. सून म्हणाली, आई, उठा, सर्दी होईल. मी म्हटलं, होऊ दे. अजून तो म्युझियमातल्या त्या खोट्या पाटीपर्यंत पोचला नाही.